शेवटच्या दोन डब्यांचं पाणी

आमच्या वन्संनी तीस वर्षं एकाच गाडीला पाणी पाजलं. त्या गाडीत बसून लांबचा प्रवास करायची वेळ मात्र त्यांच्यावर एकदाच आली, आणि तेवढ्याने आमच्या घरातली शांतता जी गेली ती गेलीच.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमचं स्टेशन दोन मोठ्या शहरांच्या बरोबर मधे येतं. पहाटे एका शहरातून सुटलेली एक्सप्रेस अकरा वीसला आमच्याकडे येते, पंधरा मिनिटं थांबते आणि रात्री नऊला दुसऱ्या शहरात पोचते. त्या पंधरा मिनिटांत ड्रायव्हर बदलतो, गार्ड बदलतो आणि डब्यांत पाणी भरलं जातं. मी चौकशीच्या खिडकीत बसते. गाडी कधी येणार, किती थांबणार, कुठल्या फलाटावर लागणार, हे मला दिवसातून शंभरदा विचारतात. माझ्या डोक्यावर एवढी मोठी पाटी आहे ती कुणी वाचत नाही. पाणी कोण भरतं हे मात्र इतक्या वर्षांत एकानेही विचारलेलं नाही. तेव्हा न विचारताच सांगते.

दोन रुळांच्या मधून पाण्याचा पाइप गेलेला आहे. त्याला डब्यागणिक एक तोटी. गाडी थांबली की टोळीतली माणसं खांद्यावरची रबरी नळी एका बाजूने तोटीला आणि दुसऱ्या बाजूने डब्याच्या कडेला असलेल्या तोंडाला जोडतात आणि तोटी सोडतात. टाकी भरली की जादा पाणी डब्याखाली सांडायला लागतं. ते दिसलं की तोटी बंद, नळी काढायची, पुढचा डबा. आठ माणसं, एकेकाच्या वाट्याला तीनेक डबे. ऐकायला सोपं आहे. वन्संनाही तसंच वाटलं होतं. त्यांचे यजमान याच टोळीत होते. ते ऐन तारुण्यात गेले आणि त्यांच्या जागेवर वन्संना ऑफिसातल्या फायली इकडून तिकडे न्यायचं काम मिळालं. आठ दिवसांत त्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या, "मला फायली नकोत, नळी द्या." साहेब पोट धरून हसले. पहिल्याच दिवशी भरल्या जोराची नळी वन्संच्या हातून सुटली आणि त्याच साहेबांना नखशिखांत भिजवून गेली. दुसऱ्या दिवशी वन्सं पुन्हा हजर. साहेब तेवढे जरा लांब उभे होते.

अशी तीस वर्षं झाली. टोळीचे मुकादम निवृत्त व्हायला आले होते आणि त्यांच्या मागे सगळ्यांत जुन्या वन्संच होत्या. बाई मुकादम झाल्याचं आमच्या लाइनीवर कुणी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात तर ती जागा मिळाल्यातच जमा होती. माझे यजमान पन्नाशीला टेकले, पोट सुटलं, तरी वन्सं त्यांना "छोट्या" म्हणतात. हा छोट्या भेटेल त्याला सांगत सुटला होता की पुढच्या महिन्यात ताई मुकादम होणार.

आणि नेमका तेव्हाच वन्संच्या लेकीचा शहरातून फोन आला. दिवस भरायच्या आधीच तिला दवाखान्यात नेलं होतं. वन्सं आणि मी हातातलं काम टाकून निघालो. रिझर्वेशन कुठलं मिळायला! मिळेल त्या डब्यात चढलो, तो निघाला शेवटचा, चोविसावा.

आता या चोविसाव्या डब्याचं सांगायला हवं. पूर्वी गाडी बावीस डब्यांची होती. गर्दी वाढली म्हणून दोन वर्षांपूर्वी तिला मागे दोन साधे डबे जोडले. गाडी लांबली, पाइप होता तेवढाच राहिला. ते दोन डबे फलाट संपल्यावर, खाली खडीवर उभे राहतात. तिथे तोटी नाही, म्हणून तिथे पाणी नाही. हे वन्संना माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि त्यात बसणं वेगळं.

साडेतीनला नळ कोरडे पडले. एक तरुण आई तान्ह्या पोराला वर्तमानपत्राच्या कागदाने पुसत होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांचा मुलगा संडासात घेऊन गेला आणि दोन मिनिटांत परत आणून बसवलं. त्यानंतर त्या माणसाने मान वर करून कुणाकडे बघितलं नाही. वास तर विचारूच नका. दाराच्या वर तक्रारीचा फोन नंबर लिहिलेला होता. वन्संनी आपला फोन काढून समोरच्या बाईपुढे धरला, "लावा हो, तक्रार करा."

"कशाला बाई?" ती म्हणाली. "बसायला जागा मिळाली हेच खूप झालं."

पलीकडचा एकजण म्हणाला, "या डब्याला पाणी नसतंच. आम्ही बाटल्या घेऊन येतो." शेजारचे दोघे हसले. त्यात राग नव्हता, हेच मला कसंतरी वाटलं.

मग त्या बाईने सहज विचारलं, "तुम्ही काय करता हो?"

वन्सं म्हणाल्या, "घरीच असते."

वन्संनी आपलं काम लपवलेलं मी आयुष्यात तेवढंच एकदा पाहिलं. त्यानंतर शहर येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या वन्सं बोलत असल्या की काही भीती नसते. गप्प झाल्या की समजायचं, आता कुणाची तरी धडगत नाही.

नात झाली. लेक सुखरूप, नात सुखरूप. नर्सने बाळ वन्संच्या हातात दिलं, त्यांनी ते छातीशी धरलं, डोळे पुसले, आणि मला म्हणाल्या, "अगं, तीन नळ्या एकमेकींना जोडल्या तर पोचेल बघ." नर्स आमच्या दोघींकडे बघतच राहिली.

परत आल्यावर घरात आणि स्टेशनवर हाच उद्योग. नळ्या पोचत होत्या, पण त्यांतून पाणी करंगळीएवढं येत होतं. सगळ्या तोट्या एकदम सुटल्या की टोकाला जोर राहत नाही. वन्संनी माझी धुण्याची बादली पळवली आणि गाडी नसताना शेवटच्या तोटीखाली लावून मोजत बसल्या. सगळ्या तोट्या चालू असताना बादली भरायला दीड मिनिट. एकटी तोटी चालू असली तर पंधरा सेकंद. म्हणजे पहिली पाच मिनिटं फक्त मागच्या दोन डब्यांना पाणी द्यायचं, मग पुढच्यांना. पुढच्यांना आठ मिनिटं पुरतात. उरलेल्या दोन मिनिटांत नळ्या गुंडाळायच्या. बादली मला पंधरा दिवसांनी परत मिळाली, तीही पोचे आलेली.

आताचा सुपरवायझर साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त त्याचं अर्धं आयुष्य फोन उचलण्यात गेलं होतं. वन्सं गेल्या तेव्हा मी माझ्या जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम सोबत गेले होते.

"साहेब, मागच्या दोन डब्यांना पाणी नाही."

"तक्रार आलीय?"

"नाही."

"मग झालं तर."

"काय झालं? पाणी नाहीये."

"ताई, एसीच्या डब्यातला नळ नुसता खोकला तरी मला वरून तीन फोन येतात. मागून दोन वर्षांत एक फोन नाही. तक्रार नाही म्हणजे अडचण नाही. आणि तुमचं नाव मुकादमाच्या यादीत आहे, कशाला नसती भानगड अंगावर घेता?"

वन्सं हलल्याच नाहीत. साहेबाने टेबलावरची पेनं नीट लावली, पुन्हा विस्कटली. शेवटी म्हणाला, "महिनाभर बघा करून. गाडी एक मिनिट उशिरा सुटली किंवा एक तक्रार आली, तर बंद. आणि हे काम मी दिलेलं नाही, लक्षात ठेवा. लेखी काही मिळणार नाही. तुमची हौस म्हणून करताय."

"हौस तर हौस," वन्सं म्हणाल्या.

टोळी लगेच राजी झाली असं समजू नका. लंबू नावाचा वन्संच्या खालोखाल जुना गडी होता, नावाप्रमाणे ताडमाड. त्याच्याकडे एसीचे डबे. नळी जोडून पाच मिनिटं तोटी न सोडता उभं राहायचं म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, काचेतून लोक बघतात हो! एकाने दारात येऊन विचारलं, झोप लागली का?"

"त्याला सांग, पाणी दमलंय, विसावा घेतंय."

पहिल्या दिवशी नळ्यांचा सांधा निसटला आणि चोविसाव्या डब्याऐवजी वन्संनाच अंघोळ घडली. दुसऱ्या दिवशी सांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. चौथ्या दिवशी दोन्ही डब्यांखाली स्वच्छ पाणी सांडलं, आणि गाडी वेळेवर सुटली. मी खिडकीवर पाटी लावून धावत बघायला गेले होते. खडीवर उभ्या असलेल्या वन्सं, कमरेपर्यंत ओल्या, हात कमरेवर. आत कुणाला काही कळलेलंसुद्धा नव्हतं. मी वैतागून म्हटलं, "एकाने तरी आभार मानावेत की नाही!" त्या म्हणाल्या, "पाण्याचे कसले आभार?"

पुढे रोजचंच झालं. साहेब गाडी सुटेपर्यंत घड्याळाकडे आणि सुटल्यावर फोनकडे बघत बसायचा. फोन वाजायचा नाही. लंबूसुद्धा हळूहळू शिट्टी वाजायच्या आत मागे येऊन नळ्या ओढायला लागला. कुरकुरत, पण यायचा. मला वाटलं, आता महिना पार पडतो, मुकादमकीही होते आणि पाणीही राहतं. मी तर मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले होते.

एकोणिसाव्या दिवशी वन्सं चुकल्या. आणि चूक कसली, तर नवख्या माणसाने करायची.

त्या दोन डब्यांत इतकी दाटी असते की आत शिरून नळ सोडून बघता येत नाही. टाकी भरली की नाही ते बाहेरून, खाली सांडणाऱ्या पाण्यावरूनच ओळखायचं. पण डब्याखाली पाणी दोन ठिकाणचं पडतं. एक टाकीतलं जादा, आणि दुसरं आत कुणी हात-तोंड धुतलं की बेसिनचं. म्हणून टोळीत येणाऱ्याला पहिला धडा हाच देतात, की सांडणारं पाणी आधी हातावर घेऊन बघ. वन्संनी हा धडा स्वतः कितीजणांना दिला असेल! त्या दिवशी तेविसाव्याचा सांधा गळत होता म्हणून त्या तिकडे धावल्या. वळून बघतात तर चोविसाव्याखाली भरपूर पाणी सांडतंय. भरली म्हणाल्या आणि तोटी बंद केली. आत कुणीतरी ऐसपैस डोकं धूत होतं. गाडी हलली, डबा पुढे गेला आणि खडीवर साबणाचा फेस दिसला.

घरी येऊन त्यांनी ताट बाजूला सारलं. "निम्मीसुद्धा भरली नसेल गं. हात लावून बघितलं नाही मी. तीस वर्षं!"

"होतं वन्सं एखादे दिवशी," मी म्हटलं.

"एखादे दिवशी तहान लागायची थांबते का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाने बोलावलं. मी खिडकी शेजारच्या क्लार्कच्या गळ्यात मारली आणि मागोमाग गेले. साहेबाचा चेहरा पांढराफटक. तक्रार आली होती. एसीच्या डब्यातून नव्हे, चोविसाव्यातून. त्याने कागद पुढे सरकवला. लिहिलं होतं, "या डब्यात नेहमी पाणी असतं. काल सहा वाजताच संपलं. लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. असं चालणार नाही. चौकशी करा आणि कळवा."

मला वाटलं वन्सं खचतील. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला कळेना, ही बाई हसते आहे की रडते आहे.

"धड वीस दिवस नाही झाले," त्या म्हणाल्या, "आणि लिहितोय बघ, नेहमी."

"ताई, हे कौतुक नाहीये," साहेब म्हणाला. "वरून मेमो आलाय तुमच्या नावाने. उत्तर द्यायचंय."

मेमोत पहिलाच प्रश्न होता, की सदर डब्यात पाणी भरण्याचे काम आपणास नेमून दिलेले होते काय? साहेब पुढे वाकून हळूच म्हणाला, "इथे 'नाही' लिहा. खरंच आहे ते. पाइप बावीस डब्यांचा, काम बावीस डब्यांचं. मीही तेच लिहितो. तुमच्यावर काही येत नाही, माझ्यावर काही येत नाही. सोमवारी मुकादमाची यादी लागतेय, त्यात तुमचं नाव पक्कं."

"आणि मागचे डबे?"

"ते आता बंदच. वरच्यांचं लक्ष गेलंय."

"आणि 'होय' लिहिलं तर?"

"तर नेमून दिलेल्या कामात हयगय. फायलीत नोंद. तीन वर्षं बढती नाही." वन्संची नोकरी अडीच वर्षं राहिली होती. त्याने ते बोलून दाखवलं नाही, तेवढी त्याला माणुसकी होती.

त्या संध्याकाळी घरात रण माजलं. छोट्या खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालत होता. "ताई, तुला खोटं कुणी बोलायला सांगतंय का? 'नाही' हेच खरं! तुझं काम नव्हतंच ते! तीस वर्षं त्या खडीवर काढलीस आणि हातातोंडाशी आलेला घास असा घालवणार?" आणि मी कशाला लपवू, मीही त्याच्याच बाजूने होते. मलाही त्या मुकादम झालेल्या बघायच्या होत्या. मी म्हटलं, "वन्सं, आधी मुकादम व्हा. मग तुमच्या हातात अधिकार येईल, मग बघा त्या डब्यांचं."

"मुकादम होऊन पहिला हुकूम काय देऊ?" त्या म्हणाल्या. "मागचे डबे सोडा म्हणून? स्वतः लिहून देऊ की ते आपलं काम नाही, आणि मग कुठल्या तोंडाने सांगू की भरा?"

"पण त्या लोकांना तू कोण हेसुद्धा माहीत नाही!" छोट्या ओरडला.

"त्यांना पाणी असतं हे माहीत झालंय ना. तेवढं मला मोडायचं नाही."

छोट्या बाहेर जाऊन बसला. मला वन्संचा इतका राग आला होता की मी भांडी आपटली, आणि दोन वेळा नाक पुसलं.

सकाळी त्या साहेबासमोर बसल्या आणि पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं, "होय." चूक कशी झाली तेही लिहिलं, पाणी हातावर घेऊन बघितलं नाही, दोष माझा. खाली सही.

साहेबाने वाचलं आणि ताडकन उठला. "हे खोटं आहे! मी कधी दिलं होतं हे काम?"

"मग तुम्ही तुमच्या कागदावर 'नाही' लिहा," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "वरचे विचारतील, की काम दिलं नव्हतं तर एकोणीस दिवस स्टेशनच्या तीन-तीन नळ्या जोडून तिथे काय चाललं होतं आणि तुम्ही कुठे होतात. सांगा त्यांना माझी हौस होती म्हणून."

साहेब खाली बसला. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून काही मिनिटं झाली होती, गाडीला वेळ होता. त्याने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. त्याच्या कागदावर शेवटी एक रकाना होता, असं पुन्हा होऊ नये म्हणून काय उपाय केला. तिथे काहीतरी लिहिणं भागच होतं. मग तो वळणदार अक्षरात लिहू लागला. वन्संनी ते उलट्या बाजूने वाचलं आणि उठल्या.

सोमवारी यादी लागली. मुकादम लंबू झाला. तो आमच्या दारात येऊन उभा राहिला, एवढा मोठा माणूस, मान खाली घालून. वन्संनी त्याच्या पाठीत धपका घातला आणि म्हणाल्या, "मागचे आधी, पाच मिनिटं. विसरलास तर बघ." छोट्या आठ दिवस बहिणीशी बोलला नाही.

टोळीच्या खोलीबाहेर कामाचा तक्ता असतो. कुठला डबा कुणाकडे, ते त्यावर लिहितात. दोन वर्षं त्यावर बावीस ओळी होत्या. त्या सोमवारी सकाळी मी खिडकी उघडायच्या आधी तिकडून गेले तर नवा तक्ता लावलेला, चोवीस ओळींचा, खाली साहेबाची सही आणि शिक्का. शेवटच्या दोन ओळींपुढे वन्संचं नाव. मला कशानेतरी भरून आलं, आणि रागही आला, एकाच वेळी. वन्सं खांद्यावर नळ्या घेऊन बाहेर आल्या.

"मिळालं काय तुम्हाला यातून, वन्सं?" मी विचारलं.

त्यांनी ओल्या बोटाने त्या दोन ओळी मला दाखवल्या. "अडीच वर्षांनी मी जाईन. माझं नाव खोडतील, आणि तिथे दुसऱ्या कुणाचं तरी लिहावं लागेल."